नऊ एकांची दीपमाळ

वाचकहो, घरात शाळकरी मूल असेल तर त्याची वही-पेन्सिल घटकाभर मागून घ्या आणि एका कोऱ्या पानावर ही संख्या लिहा:

१२३४५६७८९८७६५४३२१

एकापासून नवापर्यंत पायरी-पायरीने चढायचे आणि तसेच पायरी-पायरीने पुन्हा एकावर उतरायचे. डावीकडून वाचा की उजवीकडून, संख्या तीच. लिहायला ती अशी सोपी. पण मोठ्याने वाचायची म्हटली की दम लागतो. एक अब्ज तेवीस कोटी पंचेचाळीस लाख सदुसष्ट हजार आठशे अठ्ठ्याण्णव कोटी, शहात्तर लाख चोपन्न हजार तीनशे एकवीस! एखादा हट्टी माणूस जेवणखाण आणि झोप सोडून दर सेकंदाला एक याप्रमाणे एक, दोन, तीन असे मोजत बसला, तर इथवर पोचायला त्याला सुमारे एकोणचाळीस कोटी वर्षे लागतील.

भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या ‘लीलावती’त एक, दश, शत, सहस्र अशी अठरा स्थानांची नावे सांगितली आहेत. त्यांतले सतरावे स्थान ‘मध्य’ आणि अठरावे ‘परार्ध’. आपल्या संख्येत सतरा अंक आहेत. म्हणजे तिचा पहिला एक मध्याच्या घरात बसला आहे आणि परार्ध अवघ्या एका घरावर राहिला आहे.

संख्या एवढी थोर. पण तिचे माहेर अगदी साधे. तिथे नऊ एकांखेरीज दुसरे काही नाही.

दीपमाळ कशी चढते?

पुढचे गुणाकार पाहा.

१ × १ = १
११ × ११ = १२१
१११ × १११ = १२३२१
११११ × ११११ = १२३४३२१
१११११ × १११११ = १२३४५४३२१

असे करीत नवव्या ओळीत नऊ एकांना नऊ एकांनी गुणले की आपली सतरा अंकी संख्या हजर होते. ह्या नऊ संख्या एकाखाली एक, मधोमध मांडल्या तर देवळापुढच्या दीपमाळेसारखी आकृती उभी राहते: वर निमुळती, खाली रुंद, आणि प्रत्येक थरावर दोन्ही बाजूंना सारखेच दिवे.

असे का व्हावे? ह्यात जादू काही नाही. १११ ला १११ ने गुणताना आपण शाळेत शिकल्याप्रमाणे १११ च्याच तीन ओळी मांडतो. प्रत्येक ओळ वरच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे सरकलेली असते. आता उभ्या रांगा पाहा. सर्वांत उजव्या रांगेत एकच एक येतो, तिच्या शेजारच्या रांगेत दोन, मधल्या रांगेत तीन, मग पुन्हा दोन आणि शेवटी एक. बेरीज १२३२१. नऊ एकांच्या गुणाकारात मधल्या रांगेत नऊ एक येतात. नवापर्यंत हातचा धरावा लागत नाही, म्हणून प्रत्येक रांगेची बेरीज जशीच्या तशी खाली उतरते आणि नक्षी शाबूत राहते.

मग दहा एक घेतले तर? मधल्या रांगेत दहा एक येतील, शून्य खाली लिहून हातचा एक शेजारी द्यावा लागेल, आणि हा हातचा सगळा थर विस्कटून टाकील. उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. चढणीवरचा आठ नाहीसा झाला आणि मध्ये दोन शून्ये येऊन बसली. नक्षी पाहून ‘वा!’ म्हणणे हा करमणुकीचा भाग झाला. ती कोठपर्यंत टिकते, कोठे मोडते आणि का मोडते हे विचारणे, हा गणिताचा भाग. दोहोंत अंतर फार थोडे आहे. पण ते चालून जाणारी माणसेही थोडीच असतात.

डहाणूचा मुलगा, देवळालीचे मास्तर

असे एक गृहस्थ महाराष्ट्रात होऊन गेले. त्यांचे नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. १७ जानेवारी १९०५ रोजी त्यांचा जन्म डहाणूला झाला. त्या वेळी डहाणू ठाणे जिल्ह्यात होते. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा नवा जिल्हा झाला तेव्हा ते त्यात आले. डहाणूच्या किनाऱ्यावरून नाशिककडे निघालात तर वाटेत जव्हार लागते, मग मोखाडा, मग त्र्यंबकेश्वर. कापरेकरांच्या आयुष्याची दोन टोके ह्याच वाटेच्या दोन टोकांना आहेत. एका टोकाला समुद्रकाठचे डहाणू, आणि दुसऱ्या टोकाला, घाट चढून गेल्यावर, नाशिकजवळचे देवळाली.

आई लहानपणीच गेली. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता. ज्योतिष खरे की खोटे हा वाद बाजूला ठेवू. पण कुंडली मांडायला आकडेमोड लागते, आणि तिची गोडी मुलाला घरातच लागली. ठाण्याला शाळा, पुण्याला फर्ग्युसन महाविद्यालय, १९२७ साली रँग्लर र. पु. परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक, १९२९ साली बी. एस्सी. पुढची पदवी त्यांनी घेतली नाही. १९३० साली ते देवळालीला शाळामास्तर झाले आणि १९६२ साली निवृत्त होईपर्यंत शाळेतच शिकवीत राहिले.

शाळा सुटली की उरलेला वेळ संख्यांचा. सापडलेल्या गमती ते छोट्या पुस्तिकांतून पदरच्या पैशाने छापीत. गणिताच्या परिषदांनाही स्वखर्चाने जात. पुष्कळ विद्वानांना हा उद्योग पोरखेळ वाटे, आणि ते त्यांना हसत. पुढे त्यांचे नाव ६१७४ ह्या चार अंकी संख्येमुळे जगभर झाले. तिची गंमत त्यांना १९४६ साली सापडली आणि १९४९ साली मद्रासच्या परिषदेत त्यांनी ती सांगितली. अमेरिकेतले प्रसिद्ध लेखक मार्टिन गार्डनर यांनी १९७५ साली आपल्या सदरात कापरेकरांविषयी लिहिले, तेव्हा मास्तर सत्तरीत होते. पत्नीच्या निधनानंतर निवृत्तिवेतन पुरेना म्हणून ते गणिताच्या आणि शास्त्राच्या शिकवण्या करीत. १९८६ साली ते वारले.

आपली दीपमाळ ह्याच मास्तरांच्या आवडीची. मुंबईपासून तीस मैलांवर असलेल्या त्या वेळच्या जी. आय. पी. रेल्वेच्या एका स्थानकावर त्यांना ह्या संख्यांची कल्पना सुचली, म्हणून त्यांनी त्यांना ‘डेम्लो संख्या’ असे नाव दिले. हे डेम्लो म्हणजेच आजची डोंबिवली असे सांगतात. लोकलची वाट पाहता पाहता माणसाला काय काय सुचते पाहा!

डेम्लो संख्येचे तीन तुकडे पडतात. पहिल्या आणि शेवटच्या तुकड्यात सारखेच अंक असतात. त्या दोघांची बेरीज केली की मधल्या तुकड्यातला अंक मिळतो. उदाहरणार्थ १६५: एक आणि पाच मिळून सहा. किंवा २५५३: दोन आणि तीन मिळून पाच, आणि मध्ये पाचच पाच. आता आपल्या संख्येचे तुकडे करा: १२३४५६७८, मग ९, मग ८७६५४३२१. दोन टोकांची बेरीज ९९९९९९९९, आणि मध्ये नऊ!

आनंद देणाऱ्या संख्या

कापरेकरांचा दुसरा शोध ‘हर्षद’ संख्यांचा. हर्ष देणारी ती हर्षद. एखाद्या संख्येतल्या सर्व अंकांची बेरीज करा. त्या बेरजेने मूळ संख्येला निःशेष भाग गेला तर ती हर्षद. १८ घ्या: एक आणि आठ मिळून नऊ, आणि नवाने अठराला भाग जातो. १९ घ्या: बेरीज दहा, भाग जात नाही.

आपल्या थोरल्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१ येते. ८१ ने भाग देऊन पाहा: भागाकार १५२४१५७८९९७१०४१, बाकी शून्य. संख्या हर्षद आहे. हा सतरा अंकी भागाकार टाळायचा असेल तर तीही सोय आहे. नऊ एकांच्या संख्येतील अंकांची बेरीज नऊ, म्हणून तिला नवाने भाग जातो; तिच्या वर्गाला, म्हणजे आपल्या संख्येला, नऊ नवे ८१ ने भाग गेलाच पाहिजे.

दीपमाळेच्या नऊही थरांवर हा नियम लावून पाहिला तर आणखी एक मौज दिसते. पहिल्या थराच्या अंकांची बेरीज १, दुसऱ्याची ४, तिसऱ्याची ९, अशा वर्गसंख्याच येत जातात. पण हर्षद थर तीनच: पहिला, तिसरा आणि नववा. बाकीचे सहा दिवे दिसायला तसेच असले तरी त्यांच्यात तो गुण नाही.

हर्षद संख्या लागोपाठ किती येऊ शकतील? ११०, १११, ११२ ह्या तीन सलग हर्षद आहेत. ५१० ते ५१३ ह्या चार आहेत. अशी माळ हवी तेवढी लांबविता येईल काय? कर्टिस कूपर आणि रॉबर्ट केनेडी ह्या दोन अमेरिकन गणितज्ञांनी १९९३ साली सिद्ध केले की सलग एकवीस हर्षद संख्या कधीच सापडणार नाहीत. सलग वीस मात्र सापडतात, आणि अशा माळा त्यांनी रचून दाखविल्या. परंतु त्यांतल्या सर्वांत लहान माळेतली संख्यासुद्धा लिहायची म्हटली तर ४४३६ कोटींहून अधिक अंक लागतात! एका पानावर दोन हजार अंक मावतात असे धरले, तर पाचशे पानी चव्वेचाळीस हजार ग्रंथ भरतील. देवळालीच्या मास्तरांच्या ‘पोरखेळा’तून निघालेला प्रश्न कोठे जाऊन पोचला पाहा. त्यापुढे आपली सतरा अंकी संख्या म्हणजे पणतीच.

संख्येची वंशावळ

कापरेकरांची तिसरी कल्पना माणसाच्या घरात शोभावी अशी आहे. कोणतीही संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. १५ घेतली तर एक आणि पाच मिळून सहा, आणि १५ अधिक ६ म्हणजे २१. तेव्हा १५ ही २१ ची जनक झाली आणि २१ तिचे अपत्य. अपत्य प्रत्येक संख्येला असतेच. पण जनक प्रत्येकीला असतो काय? २० चा जनक शोधून पाहा, सापडणार नाही. अशा बिनजनकाच्या संख्यांना कापरेकरांनी ‘स्वयंभू’ म्हटले. त्यांना ‘देवळाली संख्या’ असेही नाव आहे.

आता आपल्या सतरा अंकी संख्येचा जनक शोधू. एकेक संख्या तपासायची म्हटली तर जन्म पुरणार नाही. तीन लहान विचार केले तर तीनच चाचण्यांत काम होते.

पहिला विचार. कोणतीही संख्या आणि तिच्या अंकांची बेरीज ह्या दोहोंना नवाने भागल्यास बाकी सारखीच उरते. जनक आणि त्याच्या अंकांची बेरीज मिळून आपली संख्या व्हायची आहे, आणि तिला नवाने पूर्ण भाग जातो. तेव्हा ती सारखी बाकी दुप्पट होऊन नवाच्या पटीत बसली पाहिजे; शून्याखेरीज दुसरी कोणतीही बाकी तशी बसत नाही. म्हणून जनकाच्या अंकांची बेरीज नवाच्या पाढ्यातलीच असणार.

दुसरा विचार. सतरा अंकांची बेरीज फार तर सतरा नवे १५३. आपल्या संख्येतून १५३ किंवा त्याहून कमी वजा केले तर शेवटचे ३२१ हे तीनच अंक बदलतात. पुढचे चौदा अंक, १२३४५६७८९८७६५४, जागचे हलत नाहीत, आणि त्यांची बेरीज ७५ आहे.

तिसरा विचार. जनकाच्या अंकांची बेरीज म्हणजे हे ७५ अधिक शेवटच्या तीन अंकांची बेरीज. आणि तीन अंकांची बेरीज २७ च्या वर जात नाही. तेव्हा एकूण बेरीज ७५ आणि १०२ यांच्या दरम्यान असली पाहिजे. त्या पट्ट्यात नवाच्या पाढ्यातले ८१, ९० आणि ९९ हे तीनच उमेदवार आहेत.

३२१ मधून ८१ वजा केले तर २४० उरतात. त्यांची बेरीज ६, आणि ७५ अधिक ६ म्हणजे ८१. जुळले! ९० आणि ९९ घेतले तर उरतात २३१ आणि २२२. दोन्ही वेळा बेरीज पुन्हा ८१ च, म्हणून ते जुळत नाहीत. आपल्या संख्येचा जनक सापडला आणि तो एकुलता एक आहे: १२३४५६७८९८७६५४२४०.

मग ह्या जनकाचा जनक कोण? तीच रीत पुन्हा लावा. उमेदवार तेच तीन. २४० मधून ८१ वजा केले तर १५९, बेरीज १५, एकूण ९०, जुळत नाही. ९० वजा केले तर १५०, एकूण ८१, जुळत नाही. ९९ वजा केले तर १४१, एकूण पुन्हा ८१, तेही नाही. म्हणजे आमच्या संख्येचा जनक स्वयंभू निघाला! तोच ह्या घराण्याचा मूळपुरुष.

खाली उतरून पाहू. आपल्या संख्येत ८१ मिळविले तर अपत्य मिळते १२३४५६७८९८७६५४४०२. ह्याच्याही अंकांची बेरीज ८१. तिन्ही पिढ्यांत ८१ चेच अंतर असल्यामुळे तिघांनाही ८१ ने भाग जातो. म्हणजे आजोबा, मुलगा आणि नातू तिघेही हर्षद. पण पणतवाने रीत मोडली. ४०२ अधिक ८१ म्हणजे ४८३, अंकांची बेरीज झाली ९०, आणि शेवटी शून्य नसलेल्या संख्येला ९० ने भाग कसा जाणार? तीन पिढ्या चांगल्या नांदल्या, चौथीत वळण बदलले. असे घराणे प्रत्येकाच्या माहितीत एखादे तरी असतेच!

ह्याचा उपयोग काय?

हा प्रश्न घरातल्या वडीलमंडळींच्या मनात केव्हाचा आला असेल. उत्तर देण्यापूर्वी डहाणू-नाशिकच्या त्या वाटेवर पुन्हा येऊ, आणि तिच्या मधल्या जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ भागात थांबू.

जव्हार हे १९४८ पर्यंत मुकणे घराण्याच्या संस्थानाचे गाव. भोवतालच्या पाड्यांवर वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी यांची वस्ती. पावसाळ्यात पाऊस मुसळधार आणि उन्हाळ्यात पाण्याचे हाल. खाचरांत भात, उतारावर नाचणी आणि वरई. पीक हाती आले की शेतात काम उरत नाही. म्हणून दिवाळीच्या सुमारास कित्येक कुटुंबे बिऱ्हाड पाठीवर घेऊन भिवंडी-वसईकडे, वीटभट्ट्यांवर नाहीतर बांधकामावर जातात. मुकादमाकडून आधी उचल घेतलेली असते. ती अंगमेहनतीने फेडायची असते. मुलेही बरोबर जातात आणि त्यांची शाळा मध्येच सुटते. आपण शहरात फराळाची ताटे लावतो त्याच दिवसांत ही पांगापांग सुरू होते.

अशा मुलाबरोबर काय जाऊ शकते? फळा जात नाही, पुस्तकांचे ओझे जात नाही. डोक्यात असेल तेवढेच जाते. कापरेकरांच्या गणिताला लागणारे सामान नेमके तेवढे आहे. प्रयोगशाळा नको, यंत्र नको. कोळशाचा तुकडा आणि सारवलेली जमीन पुरे. शिक्षणाचे साहित्य भोवतालीच मिळते, हे ह्या भागाला नवे नाही. डहाणू तालुक्यात बोर्डीला १९४५ साली ताराबाई मोडकांनी बालशिक्षणाचे काम सुरू केले. पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि अनुताई वाघांनी ते हयातभर चालविले. बिया, खडे, पाने, शिंपले हीच त्यांची साधने. खड्यांवर मोजायला शिकलेले मूल पुढे अंकांच्या बेरजांवर आले, तर ती त्याच वाटेची पुढची पायरी झाली.

आता उपयोग. आपण जनक शोधताना नवाच्या बाकीची जी युक्ती वापरली, तीच गुणाकार पडताळायची जुनी युक्ती आहे. समजा, २४५ ला ३४ ने गुणून उत्तर ८३३० आले. २४५ च्या अंकांची बेरीज ११, पुन्हा बेरीज २. ३४ ची ७. दोन साते चौदा, त्यांची बेरीज ५. आता उत्तराचे अंक मिळवा: ८३३० चे १४, म्हणजे ५. जुळले. कोणी तिथे ८२३० लिहिले असते तर बेरीज ४ आली असती आणि चूक तिथल्या तिथे पकडली गेली असती. अर्थात ही चाळण काही चुका सोडते. दोन अंकांची नुसती अदलाबदल झाली तर ती तिला दिसत नाही. म्हणून ‘जुळले नाही’ तर हिशेब नक्की चुकला. ‘जुळले’ तर बहुधा बरोबर. हा फरक ज्याला कळला त्याला पुष्कळ कळले. विटांची मोजणी, मजुरीचा दर आणि उचलीतून झालेली वजावट एका ओळीत लिहून कागद पुढे सरकविला जातो, तेव्हा घरातले एखादे लेकरू अंकांवरून बोट फिरवून “हे पुन्हा मांडा, काका,” असे म्हणू शकले, तर त्या वाक्याची किंमत मोठी आहे.

तेवढ्याने शाळेची उणीव भरून निघत नाही. शाळा हवीच, आणि ती बारा महिने हवी. पण मुलाने शाळेतून काय घेऊन जावे, असे विचाराल तर पाठ केलेल्या उत्तरापेक्षा ‘का?’ विचारायची सवय आणि तीन विचारांत शेकडो चाचण्या वाचविण्याची रीत, एवढे आधी द्यावे. ज्यांना हसले गेले त्या देवळालीच्या मास्तरांची शिल्लक हीच. मोठी पदवी नव्हती आणि मोठे पदही नव्हते. तरीही ‘हर्षद’ हा आपल्या भाषेतला शब्द आज जगातल्या गणिताच्या पुस्तकांत आहे.

तेव्हा वाचकहो, वही मुलाला परत करा आणि एक काम सांगा. दीपमाळेच्या तिसऱ्या थरावरची संख्या आहे १२३२१. तिचा जनक कोण? पाच अंकांची बेरीज फार तर ४५, म्हणून उमेदवार पाचच: ९, १८, २७, ३६ आणि ४५. उत्तर इथे छापलेले नाही. मोखाड्याच्या पाड्यावरच्या मुलाला आणि मुंबईच्या सदनिकेतल्या मुलाला ते शोधायला सारखाच वेळ लागेल.